कॉम्प्युटर ढगात, किल्ली कुणाच्या हातात?

दहावी-बारावीचे निकाल लागले की नामपूरच्या बाजारपेठेत दोन रांगा हमखास दिसतात. एक बाजार समितीकडे निघालेल्या कांद्याच्या ट्रॅक्टरची. दुसरी सेवा केंद्राबाहेर, हातात प्लॅस्टिकची फाइल घट्ट धरून उभ्या असलेल्या पोरापोरींची. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, महाडीबीटीचा अर्ज. ज्याला जे पाहिजे त्यासाठी तो आपलं आधार, पासबुक, फोटो आणि सही त्या एका कॉम्प्युटरच्या स्वाधीन करतो.

या दुसऱ्या रांगेत मीही उभी होते. इंटर्नशिपच्या पत्राची प्रिंट काढायची होती. गर्दी होती म्हणून केंद्रवाले भाऊ म्हणाले, ‘ताई, तुम्हीच काढून घ्या, मेल उघडा.’ मी खुर्चीत बसले, पत्र डाउनलोड केलं आणि ते शोधायला डाउनलोडचा फोल्डर उघडला. तिथं अख्खं गाव होतं. ‘आधार नवीन’, ‘आधार नवीन १’, ‘पासबुक ताई’, ‘बाबा सही फोटो’. मी उगाच नावं मोजायला लागले आणि चाळिसाव्या नावाला थांबले. त्यातली दोन माझ्या शाळेतल्या मुलींची होती.

‘भाऊ, हे पुसत नाही का कधी?’

‘काही व्हत नही ताई. परत आले तर लगेच सापडतं.’

भाऊ खोटं बोलत नव्हते. लोक त्यांना फोन करतात, ‘भाऊ, माझं आधार व्हॉट्सअॅपवर टाका ना,’ आणि ते टाकतात. ही त्यांची सेवाच आहे, तीही फुकट. पण त्या खुर्चीत माझ्याजागी दुसरं कुणी बसलं असतं, खिशातून पेनड्राइव्ह काढला असता, तर? आधार, पासबुक, फोटो आणि सही एकाच माणसाची आणि एकाच ठिकाणी. एवढ्या सामानावर काय काय करता येतं, हे मी इथं लिहून कुणाला शिकवायला नको.

त्याच आठवड्यात माझा एक वर्गमित्र भेटला. पुण्यातल्या कंपनीत लागलाय, पण निम्मा महिना इथूनच, घरच्या ओट्यावर बसून काम करतो. त्याने लॅपटॉप उघडला, एका खिडकीत पासवर्ड टाकला, मोबाइलवर आलेली सूचना मान्य केली आणि त्या खिडकीच्या आत दुसराच कॉम्प्युटर सुरू झाला. वेगळा वॉलपेपर, वेगळा स्टार्ट मेन्यू, वेगळे फोल्डर. त्यातली एक ओळ कॉपी करून त्याने मला स्वतःच्या नोटपॅडमध्ये चिकटवून दाखवायचा प्रयत्न केला. चिकटली नाही. ‘माझ्या लॅपटॉपवर काहीच नसतं. सगळं तिकडे. हा उद्या चोरीला गेला तरी कंपनीला फरक नाही,’ तो म्हणाला.

भाऊंचा कॉम्प्युटर आणि मित्राची खिडकी. डोक्यात तुलना सुरू झाली ती तिथून. कारण पुढच्या दोन-तीन वर्षांत आपल्यातले बरेच जण यातल्या दुसऱ्या प्रकारावर काम करणार आहेत. नोकरीसाठी नाही तर घरासाठी. जुलै २०२५ मध्ये जिओने ‘जिओपीसी’ आणला तोही हाच प्रकार. टीव्हीला सेट-टॉप बॉक्स, त्याला कीबोर्ड-माऊस आणि कॉम्प्युटर मात्र कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये. पंचवीस-तीस हजारांचा लॅपटॉप न घेता दर महिन्याला वर्गणी भरायची.

याला म्हणतात व्हर्च्युअल डेस्कटॉप. आपल्यासमोर दिसतं ते फक्त चित्र. कीबोर्डवर मारलेली अक्षरं आणि माऊसच्या हालचाली तिकडे जातात, तिकडून बदललेला स्क्रीन इकडे येतो. फाइल, सॉफ्टवेअर, मेमरी सगळं तिकडेच. आणि हे ‘तिकडे’ म्हणजे आभाळात नाही बरं का. क्लाउड या शब्दाने आपली फार दिशाभूल केली आहे. ते एसी लावलेलं, जनरेटरवालं, कुलूपबंद गोदाम असतं. आपल्याच जिल्ह्यात, नाशिकच्या सातपूरला मुख्यालय असलेली ईएसडीएस ही कंपनी हाच धंदा करते आणि तिच्या ग्राहकांत सहकारी बँकाही आहेत.

गोदाम म्हटलं की बागलाणातल्या माणसाला लगेच कळतं. कांदा स्वतःच्या चाळीत ठेवायचा की दुसऱ्याच्या गोदामात? चाळ आपली, राखण आपली. पाऊस आत आला, कांदा सडला, कुणी रात्री चार गोण्या उचलल्या तर नुकसान आपलं, पण आपल्यापुरतंच. गोदामाला पहारा असतो, छप्पर पक्कं असतं, ओल आली की माणूस बघतो. मात्र त्या गोदामाला आग लागली तर एका रात्रीत पंचक्रोशीचा कांदा जातो. ऑफिसातला कॉम्प्युटर म्हणजे चाळ, व्हर्च्युअल डेस्कटॉप म्हणजे गोदाम. आता चाळींचं काय होतं ते आधी बघू.

पंचेचाळीस हजार चाळी

आपल्याकडचा कांदा आणि द्राक्षं परदेशी जातात ती बहुतेक न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातून. २७ जून २०१७ ला त्या बंदरातलं एक टर्मिनल अचानक आंधळं झालं. कुठला कंटेनर कुठल्या जहाजाचा, हे सांगणारे कॉम्प्युटर बंद. हे टर्मिनल चालवायला होतं डेन्मार्कच्या मर्स्क समूहाकडे, आणि मर्स्कचे जगभरातले कॉम्प्युटर त्या दिवशी ‘नॉटपेट्या’ नावाच्या हल्ल्यात एकापाठोपाठ एक मरत होते. हल्ला मुळात युक्रेनवर होता. तिथल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून विषाणू शिरला आणि तिथून ऑफिसच्या नेटवर्कमधून कॉम्प्युटरवरून कॉम्प्युटरवर उड्या मारत सुटला. जेएनपीटीवर काम हातावर आलं, बाहेर ट्रकच्या रांगा लागल्या. युक्रेनमधल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमुळे रायगडमधला ट्रक थांबतो, हे मला पत्रकारितेच्या वर्गात कुणी सांगितलं असतं तर मी मान डोलावून विसरून गेले असते.

मर्स्कने नंतर जाहीरपणे सांगितलं की त्यांना १० दिवसांत ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. ४५ हजार! प्रत्येकाचं पोट साफ करून पुन्हा विंडोज टाकायचं. पारंपरिक ऑफिस कॉम्प्युटरचा सगळ्यात मोठा दोष हाच. प्रत्येक यंत्र हे वेगळं दार, आणि प्रत्येक दाराची कडी वेगवेगळ्या माणसाच्या हातात. कुणी अपडेट केलेलं असतं, कुणी ‘नंतर आठवण करा’ वर क्लिक करून वर्ष काढलेलं असतं. नॉटपेट्या ज्या भोकातून आत शिरत होता त्यातलं मुख्य भोक बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती. मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ने त्याच भोकातून जगभर धुमाकूळ घातला होता. तरी जूनमध्ये भोक उघडंच होतं.

याच गोष्टीत एक प्रसंग आहे. आपल्याकडच्या वाचकांना तो फार जवळचा वाटेल. कोण कर्मचारी, कुणाला कशाची परवानगी, याची वही सांभाळणारे मर्स्कचे साधारण दीडशे खास सर्व्हर जगभर होते. सगळ्यांत एकसारखी माहिती, म्हणजे एक बंद पडला तर बाकीचे आहेतच असा हिशेब. पण सगळे एकाच वेळी पुसले जातील हा विचार कुणी केला नव्हता, आणि नेमकं तेच झालं. वाचला फक्त एक, आफ्रिकेतल्या घानामधला. का? तर हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती! लोडशेडिंगने वाचवलं म्हणा ना. त्या एका प्रतीवरून कंपनी पुन्हा उभी राहिली. इंटरनेट मंद म्हणून ती माहिती ऑनलाइन पाठवता येईना, आणि घानातल्या माणसाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. मग तो नायजेरियापर्यंत डिस्क घेऊन गेला आणि विमानतळावर दुसऱ्याच्या हाती दिली.

हा प्रसंग मी नुसता गंमत म्हणून सांगत नाही. आपण गुगल ड्राइव्हवर फोल्डर ‘सिंक’ करतो आणि बॅकअप घेतला म्हणून निर्धास्त झोपतो. सिंक म्हणजे आरसा. इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं. बॅकअप म्हणजे तारेपासून तोडून ठेवलेली प्रत. मार्च २०२१ मध्ये आपल्या एमआयडीसीवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला, मुंबईचं मुख्यालय आणि राज्यभरातली प्रादेशिक कार्यालयं ठप्प झाली. तेव्हा महामंडळाने सांगितलेली दिलासा देणारी गोष्ट हीच होती, की बॅकअप वेगळ्या नेटवर्कवर होता आणि त्याला लागण झाली नव्हती.

आता प्रश्न असा की मर्स्ककडे व्हर्च्युअल डेस्कटॉप असते तर? माझ्या मते ४५ हजार यंत्रांचं काम पुष्कळ हलकं झालं असतं. व्हर्च्युअल डेस्कटॉपमध्ये एक मूळ साचा असतो. त्यात एकदा दुरुस्ती केली की दुसऱ्या दिवशी लॉगइन करणाऱ्या प्रत्येकाला दुरुस्त कॉम्प्युटर मिळतो, कुणाला ‘नंतर आठवण करा’ म्हणायची सोयच नाही. बिघडलेला डेस्कटॉप दुरुस्त करत बसायचं नाही, फेकायचा आणि साच्यातून नवा काढायचा. पण ते दीडशे सर्व्हर? ते तसेच गेले असते. गोदामाच्या किल्ल्यांचा जुडगा जिथं टांगलाय तिथंच आग लागली, तर आतली रॅक कितीही आधुनिक असली तरी काय उपयोग.

गोदामाला आग लागते तेव्हा

गोदामाच्या बाजूची दोन उदाहरणं महाराष्ट्राने जवळून पाहिली आहेत. व्हर्च्युअल डेस्कटॉपचीच ती नाहीत, पण सगळं एका जागी आणून ठेवलं की काय होतं याची आहेत.

पहिलं पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचं. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. काही तासांत भारतासह २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे निघत राहिले. दोन दिवसांनी, १३ ऑगस्टला, स्विफ्ट यंत्रणेतून हाँगकाँगच्या एका बँकेत १३ कोटी ९२ लाख गेले. एकूण ९४ कोटींच्या वर. चोरांनी शाखेतल्या कुणा कारकुनाच्या कॉम्प्युटरवरून खाती उघडून पैसे वळते केले नाहीत. ‘या कार्डावर पैसे द्यायचे का?’ हा एटीएमचा प्रश्न ज्या मधल्या यंत्रणेकडे जातो तिच्या जागी त्यांनी स्वतःची नकली यंत्रणा बसवली. ती प्रत्येक प्रश्नाला ‘हो, द्या’ म्हणत राहिली. खातेदारांच्या खात्यातून रुपया हलला नाही, गेले ते बँकेचे. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या कोर्टाने ११ जणांना दोषी ठरवलं, पण ही एटीएमसमोर उभी राहिलेली माणसं होती. मागे बसलेल्यांचा माग संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांच्या अहवालात उत्तर कोरियापर्यंत गेला.

दुसरं अगदी अलीकडचं. ३१ जुलै २०२४. सी-एज टेक्नॉलॉजीज नावाची कंपनी, टीसीएस आणि स्टेट बँकेची भागीदारी. छोट्या सहकारी आणि ग्रामीण बँकांना स्वतःचे सर्व्हर परवडत नाहीत, त्यांची बँकिंग यंत्रणा ही कंपनी चालवते. तिच्यावर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. लागण पसरू नये म्हणून एनपीसीआयने तिला देशाच्या पेमेंट यंत्रणेपासून तोडलं. परिणाम काय, तर देशातल्या जवळपास ३०० छोट्या बँकांच्या ग्राहकांचं यूपीआय, एटीएम बंद. दुसऱ्या दिवशी सुरळीत झालं. देशाच्या एकूण व्यवहारांत या बँकांचा वाटा किरकोळ असतो, त्यामुळे मोठ्या शहरात कुणाला पत्ताही लागला नाही. पण ज्याचं एकमेव खातं त्या बँकेत आहे त्याच्यासाठी तो शंभर टक्के बंद होता. यातल्या एकाही बँकेच्या मॅनेजरने चुकीच्या लिंकवर क्लिक केलेलं नव्हतं. चूक एका ठिकाणची, दंड तीनशे ठिकाणी.

म्हणून ‘क्लाउडवर आहे म्हणजे सुरक्षित आहे’ असं कुणी छातीठोकपणे सांगायला लागलं की मला आता अस्वस्थ व्हायला होतं. त्या गोदामात हल्ले कमी होतात हे खरं. तिथं चोवीस तास पहाऱ्याला माणसं असतात, आपल्या ऑफिसात एक ‘कॉम्प्युटरवाला मुलगा’ असतो आणि तोही शुक्रवारी येतो. पण झालेला हल्ला तिथं मोठाच होतो.

दारावरचा पास

आता माझ्या मित्राच्या दाव्याकडे. ‘माझ्या लॅपटॉपवर काहीच नसतं.’

निम्मं खरं आहे. फाइल खरंच नसते. कॉपी-पेस्ट बंद, पेनड्राइव्ह बंद. मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागलं तेव्हा आयटी कंपन्यांनी टेम्पोत भरून ऑफिसचे डेस्कटॉप कर्मचाऱ्यांच्या घरी पोचवले होते, आठवतंय? त्यातला प्रत्येक डब्बा म्हणजे ग्राहकाच्या माहितीची तिजोरी, कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये, लहान मुलांच्या हाताशी. त्या मानाने खिडकीतून काम करणं कितीतरी बरं.

पण खिडकीतून दिसतं ते डोळ्यांना दिसतंच. मोबाइल काढून स्क्रीनचा फोटो मारायला कुठलं सॉफ्टवेअर अडवणार? आणि मुख्य म्हणजे पासवर्ड टाइप होतो तो याच लॅपटॉपच्या कीबोर्डवर. मी मित्राला विचारलं, विंडोज ओरिजिनल आहे का रे? तो हसला. आपल्याकडे हा प्रश्न विचारल्यावर सगळेच हसतात. गावातल्या दुकानातून लॅपटॉप ‘फॉरमॅट’ करून आणला, दोनशे-तीनशे रुपयांत विंडोज आणि ऑफिस दोन्ही. ते क्रॅक टाकताना पहिली पायरी काय असते? अँटिव्हायरस बंद करा. म्हणजे चोराला आत घेताना आपणच कुत्रा बांधून ठेवायचा. त्या क्रॅकसोबत कळा टिपून घेणारं सॉफ्टवेअर आलं असेल, तर पुण्यातलं गोदाम कितीही पक्कं असो, दारावरचा शब्द नामपूरच्या ओट्यावरून बाहेर गेलेला असतो. शिवाय विंडोज १० ची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. आपल्याकडच्या ऑफिसांत, क्लासेसमध्ये, दुकानांत अजून तीच खिडकी चमकतेय, काही ठिकाणी तर विंडोज ७.

बऱ्या कंपन्या आता हेही तपासतात. लॅपटॉप अपडेट नसेल तर खिडकी उघडतच नाही. मित्राची कंपनी तपासत नसावी. उघडत होती.

मग मोबाइलवर येणारी ती दुसरी परवानगी? ती हवीच, तिला पर्याय नाही. पण तीसुद्धा शेवटची भिंत नाही, हे २०२३ मध्ये दिसलं. व्हर्च्युअल डेस्कटॉपच्या दारावर जे उपकरण बसवतात त्यातलं जगभर चालणारं एक म्हणजे सिट्रिक्सचं नेटस्केलर. त्यात एक खोट निघाली, संशोधकांनी तिचं नाव ठेवलं ‘सिट्रिक्स ब्लीड’. कशी खोट? तुम्ही एकदा पासवर्ड आणि ओटीपी दिलात की दारावरचा वॉचमन तुम्हाला दिवसभराचा पास देतो, पुन्हा पुन्हा विचारत नाही. या खोटीमुळे बाहेरचा माणूस वॉचमनच्या खिशातले पासच काढून घेऊ शकत होता. पास हातात असल्यावर पासवर्ड कशाला, ओटीपी कशाला! कंपनीने १० ऑक्टोबर २०२३ ला दुरुस्ती दिली, पण चोर ऑगस्टपासून पास पळवत होते. दुरुस्ती टाकूनही काही ठिकाणी चोरी सुरूच राहिली, कारण आधी वाटलेले पास कुणी रद्दच केले नव्हते. बोइंगसारखी कंपनी या खोटीतून फटका खाल्लेल्यांत होती.

यावरून एक छोटी सवय मी स्वतःला लावली. काम झालं की नुसती खिडकी फुलीवर क्लिक करून बंद करायची नाही. लॉगआउट करायचं. खिडकी बंद केली तर पास जिवंत राहू शकतो, लॉगआउट केलं तर तो फाटतो. व्हॉट्सअॅप वेबचं तेच. मोबाइलमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून बघा. माझ्या यादीत कॉलेजच्या लायब्ररीतला एक कॉम्प्युटर अजून होता. मी कॉलेज सोडून वर्ष झालं!

नामपूरसाठी कुठलं बरं?

या सगळ्या वाचनानंतर माझं मत अनपेक्षित ठिकाणी येऊन थांबलं. व्हर्च्युअल डेस्कटॉपची जाहिरात होते ती मोठ्या कंपन्यांसाठी. पण त्याच्या एका गुणाची सगळ्यात जास्त गरज आहे ती सेवा केंद्र, सायबर कॅफे, कॉलेजची लॅब अशा सामायिक कॉम्प्युटरना. तो गुण म्हणजे विसरणं. व्हर्च्युअल डेस्कटॉप असा लावता येतो की एक माणूस उठला, लॉगआउट झाला की त्याचं सगळं पुसलं जावं. पुढच्या माणसाला कोरी पाटी. माझ्या शाळेतल्या त्या दोघींचं आधार तिथं राहिलंच नसतं. भाऊंना पुसायची आठवण ठेवावी लागली नसती, आणि बाहेरच्या पेनड्राइव्हला तिथं सापडण्यासारखं काही उरलं नसतं.

यातलं थोडंफार आपण आधीच अनुभवलंय, फक्त शिव्या देत. अनेक कॉलेजांच्या लॅबमध्ये ‘डीप फ्रीज’ नावाचं सॉफ्टवेअर असतं. रात्रभर बसून केलेलं प्रोजेक्ट डेस्कटॉपवर ठेवावं, सकाळी कॉम्प्युटर सुरू करावा आणि सगळं गायब. तेच ते. म्हणजे विसरणारा कॉम्प्युटर पाहिजे तर प्रत्येक वेळी क्लाउडच पाहिजे असं नाही. विंडोजच्या प्रो आवृत्तीत ‘सँडबॉक्स’ नावाची सोय आहे, ती खिडकी बंद केली की आतलं सगळं नष्ट होतं. क्रोमच्या गेस्ट मोडवर मात्र फार विसंबू नका. त्यात ब्राउझिंगचा इतिहास पुसला जातो, पण डाउनलोड केलेलं आधार फोल्डरमध्ये तसंच राहतं.

‘आपल्याकडे नेट जातं, तिथं हे क्लाउडचं काय चालणार?’ असं एक सर म्हणाले. मुद्दा बरोबर वाटतो, पण सेवा केंद्रात बसून बघा. नेट गेलं की भाऊ तसेही हात बांधून बसतात. दाखले, सातबारा, महाडीबीटी, सगळंच ऑनलाइन. ‘सर्व्हर डाउन आहे’ हे वाक्य नामपूरमध्ये पोरांना बाराखडीच्या आधी पाठ होतं. खरी अडचण दुसरी आहे. स्कॅनर, प्रिंटर, अंगठ्याचं यंत्र टेबलावरच राहणार, आणि स्कॅन केलेला कागद आधी टेबलावरच्याच कॉम्प्युटरमध्ये उतरणार. तिथून तो पुसला जातोय का, हे परत माणसावर येतं. शिवाय दर महिन्याची वर्गणी. एका दाखल्यामागे सुटणाऱ्या रुपयांत ती भाऊंनी का भरावी? २०२३ चा डेटा संरक्षण कायदा लोकांची माहिती सांभाळायची जबाबदारी ती घेणाऱ्यावर टाकतो, दंडाची कमाल मर्यादा २५० कोटींपर्यंत आहे. हा आकडा मी भाऊंना सांगितला. ते हसले. त्यांच्या दुकानाचं भाडं थकलं होतं.

एका संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर आम्ही दोघांनी बसून तो फोल्डर रिकामा केला. मग लक्षात आलं, रिसायकल बिनमध्ये सगळं तसंच आहे. ते पुसलं. मग लक्षात आलं, व्हॉट्सअॅपवर लोकांनी पाठवलेलं सगळं तिथंही आहे, आणि ते फोनमध्येही आपोआप उतरलंय. दुकान बंद व्हायची वेळ झाली तेव्हा आम्ही अर्ध्यावर होतो. जाताना भाऊंनी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘गिऱ्हाईक उठलं की फाइल पुसा’.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथंच होते. एका काकांचा फोन आला, आधार पाठवा म्हणून. भाऊ म्हणाले, ‘नाही हो काका, आता ठेवत नाही, तुम्ही या.’ तासाभराने काका आले, मोटरसायकलवरून, चिडलेले. ओटीपी सांगितला, समोर उभं राहून आधार काढून घेतलं, वीस रुपये टाकले आणि गेले. भाऊंनी ती फाइल माझ्यासमोर पुसली.

‘ताई, असं केलं तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाईल,’ ते म्हणाले. समोरच्या दुकानातलं मी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी प्रिंट काढायच्या निमित्ताने गेले. तिथल्या फोल्डरमध्ये माझंच आधार होतं, बारावीच्या प्रवेशाच्या वेळचं.